मदत हवी आहे: जुन्या ट्रेलरच्या कोपऱ्यातून पाणी येतंय

चाकघर: १९६० च्या दशकातला प्रवासी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आहे. कोपऱ्यांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या उचकटल्यात, त्यांतली स्क्रू झाकणारी विनाइलची फीत आक्रसून तुटलीय. छतावरच्या झरोक्याच्या झाकणाला हात लावला की चुरा पडतो. पट्ट्या नव्या घेऊ की जुन्याच सील करू? लवकर सांगा, पुढचा पाऊस यायच्या आत उरकायचंय.

उत्तररात्र: सांगाडा लाकडी की एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरसारखा धातूचा, रिव्हेट मारलेला? पाणी नेमकं कुठे दिसतं? फोटो टाका.

नटबोल्ट: एवढं काय त्यात! पट्टीच्या कडेनं सिलिकॉन मारा, मोकळे व्हा. माझा तसाच चाललाय.

जुनंलाकूड: नटबोल्ट, कृपया हा सल्ला देऊ नका. सिलिकॉनवर नंतर रंग बसत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. चाकघर, पट्टी सरळ असेल तर जुनीच वापरा, फीत नवी घ्या. खालची वाळकी पुट्टी पूर्ण खरवडा आणि ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी परत बसवा. स्क्रू हळूहळू आवळा. टेप कडेनं बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी परत आवळा, मगच जादाची टेप प्लॅस्टिकच्या पात्यानं काढा.

नटबोल्ट: टेप उन्हात ओघळते, मी पाहिलंय.

जुनंलाकूड: जादाची काढली नाही तर ओघळणारच. पट्टीखालची जागेवर राहते.

चाकघर: लाकडी सांगाडा, वर पत्रा. ओल मागच्या खालच्या कोपऱ्यात. तिथले स्क्रू नुसते फिरतात. आधीच्या मालकानं सिलिकॉनच फासलंय.

उत्तररात्र: अहो, स्क्रू फिरतात हेच तर महत्त्वाचं! आतलं लाकूड कुजलंय. टोच्या खुपसून बघा. मऊ लागलं तर पत्रा सोडवून सांगाड्याची तेवढी काठी बदलावीच लागेल, लांब स्क्रू घालून भागत नाही. ओल खाली दिसली तरी पाणी बहुतेक वरून शिरतं आणि काठीवरून उतरतं, तेव्हा छताची कडही तपासा. स्क्रूभोवती पांढरी भुकटी असेल तर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागून पत्रा खाल्ला जातोय.

जुनंलाकूड: झरोक्याचं भोक आतून मोजा, बरेच १४ इंच चौरस असतात. बिजागरीचा आकार जुळवूनच झाकण घ्या. नव्या झाकणाला अ‍ॅसिटोन लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

रानवाट: टायर बघितलेत का? टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट कोडचे शेवटचे ४ आकडे वाचा: त्यातले पहिले २ म्हणजे बनवल्याचा आठवडा, पुढचे २ वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर रस्त्यात फुटतं.

नटबोल्ट: टायरचं कोणी विचारलंय?

चाकघर: टोच्या बोटभर आत गेला. झाकण १४ इंचीच आहे. उद्या पत्रा सोडवतो. मागच्या दिव्याची वायर पत्र्याआडून जाते का?

उत्तररात्र: हो. बॅटरी सोडवा, दिवा काढा, वायरीच्या टोकाला दोरी बांधा आणि मगच पत्रा ओढा.