पोरांचं तोंड रंगवायचं वेड: तुमच्याकडे काय चालतं?

आमची लेक चार वर्षांची. जत्रा असो, मॉल असो की सोसायटीचा गणपती, तोंड रंगवणारं कुणी दिसलं की तिथेच पाय रोवते. फुलपाखरू, परी वगैरे काही नको. दर वेळी वाघच, आणि तोही दात विचकलेला. मिशी पुसेल म्हणून मग पाणीसुद्धा स्ट्रॉनं पिते, आणि रात्री तोंड धुवायला नेलं की रडारड. आता घरीच रंग आणावेत म्हणतेय. तुमच्याकडचे किस्से लिहा. रंग कुठले, पुसता कशानं, कुणाला काही त्रास झाला का, तेही लिहा.

*

आमच्याकडे स्पायडरमॅन. न धुता झोपला, तो उशीच्या अभ्र्यावर कायमचा उमटलाय. आम्ही खोबरेल तेलानं पुसतो.

*

मी नाशकात वाढदिवसांना हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲक्रिलिक आणि पोस्टर कलर तोंडाला अजिबात नकोत. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असलं तरी ते कागदासाठी केलेले असतात. त्वचेसाठीचे, पाण्यात कालवायचे वड्यांसारखे रंग मिळतात, ते घ्या. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. चमकी लावायचीच तर कॉस्मेटिकची. हस्तकलेच्या चमकीचे कण डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. प्रत्येक पोराला वेगळा स्पंज. तोंडावर जखम किंवा पुरळ असेल तर मी सरळ नाही म्हणते, आईबाप कितीही रुसोत.

वाघ सोपा आहे हो. स्पंज जेमतेम ओला ठेवा, चिंब केलात की ओघळ येतात. मधे पिवळा, कडेनं केशरी, भुवयांच्या वर आणि ओठांभोवती पांढरा. हे सगळं वाळलं की मगच काळा. पट्टे चेहऱ्याच्या कडेपासून आत, नाकाच्या दिशेनं ओढा: सुरुवातीला ब्रश दाबायचा आणि हळूहळू उचलत न्यायचा, म्हणजे टोक आपोआप निमुळतं होतं. डोळ्यांचं काम आधी उरका. पोर चुळबुळ करायला लागलं की मिशा राहिल्या तरी चालतात.

वर खोबरेलाचं लिहिलंय, ते तेलकट रंगाला ठीक. या रंगांना साबण आणि कोमट पाणी पुरतं. लाल-हिरव्याची छटा एखादा दिवस राहते; घासत बसू नका.

*

आम्ही कुडाळकडचे. नातवाला हे वेड दशावतारानं लावलं. जत्रेच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधीच तो रंगपटाच्या दाराशी जाऊन उभा. आमचे दशावतारी आपापलं तोंड आपणच रंगवतात. पेटारा उघडायचा, आरसा टेकवायचा आणि मांडी घालून बसायचं. मिशा भादरलेला बाप्या बघता बघता राणी होतो, ते पोरगं डोळे फाडून बघत होतं. संकासुराला मात्र टरकतो. काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ, आणि बोलणं सगळं हसवणारं! भ्यायचं की हसायचं तेच त्याला कळेना. घरी आल्यावर सुनेच्या काजळाची डबी संपली. पुण्यामुंबईत याचे पैसे मोजतात हे ऐकून गंमत वाटली.

*

काका, काजळाची डबी आमच्याकडेही संपते!

माझ्या मुलाला फुलपाखरू हवं असतं, गुलाबी. गेल्या लग्नात एक मावशी म्हणाल्या, ‘अरे, मुलगा ना तू? वाघ काढून घे की.’ तो म्हणाला, ‘वाघ सगळेच होतात.’ आम्ही दोघं गप्प बसलो, मुद्दामच. दशावतारातली राणी चालते, मग पाच वर्षांच्या पोराचं फुलपाखरू का खुपावं?

*

आमची उलटी तऱ्हा. गालाला ओला ब्रश टेकला की किंचाळते. मग सरळ हातावर काढून घ्यायला लागलो. तिथं काय चाललंय ते तिला दिसतं, त्यामुळे शांत बसते.

*

आम्ही इंग्लंडात. उन्हाळ्यात शाळेच्या जत्रेत सगळ्यात लांब रांग याचीच असते आणि रांगेत उभे आईबाप. हॅलोविनला तर विचारू नका.

*

पुण्यात पालख्या येतात तेव्हा छापानं कपाळी गंध उमटवणारी पोरं असतात ना, ते आमच्या धाकट्याचं फेस पेंटिंग! एकाकडून लावून झालं की पुढच्यापुढे कपाळ करतो. नाकापर्यंत गंध आणि वर बुक्का.

*

नाशिकच्या ताई, माझी दुसरी दोन वर्षांची आहे. थोरलीचं बघून तीही तोंड पुढे करते. लावू का?

*

तोंडाला नको. मी तीन वर्षांखालच्यांना लावतच नाही. त्वचा नाजूक असते आणि हात लगेच तोंडात जातो. थोरलीचा उरलेला स्पंज आणि साधं पाणी द्या, बाहुलीला रंगवत बसेल. बाहुली प्लास्टिकची हवी मात्र, कापडाची नको.