‘स्थिर लिगँड’ : स्थिर कशापुढे?

प्रश्न : ऱ्होडियम वापरून अल्कीनपासून आल्डिहाइड करण्यावर टिपण लिहिते आहे. लिगँडला, म्हणजे धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूला, ‘स्थिर आणि निवडक लिगँड’ म्हटले तर चालेल का? ‘बाइट अँगल’ला काय म्हणावे?

उत्तर : नुसते ‘स्थिर’ पुरत नाही. ट्रायफेनिलफॉस्फीन या फॉस्फरसच्या लिगँडची भुकटी हवेत टिकते, द्रावणात मात्र तिचे हळूहळू ऑक्साइड होते. फॉस्फाइटांना (फॉस्फरसला ऑक्सिजनमार्फत गट जोडलेल्या लिगँडांना) हवेचा त्रास कमी, पण ओल आणि आम्लाचा अंश मिळाला की त्यांचे जलविच्छेदन होते. दोन्हींना ‘स्थिर’ म्हटले तर वाचणारा भलतीच काळजी घेईल. ‘हवेत स्थिर’, ‘पाण्यात स्थिर’ असे लिहा.

‘निवडक’ही लिगँडला लावू नये, निवडकता क्रियेची असते. तीही कोणती ते सांगा. सरळ साखळीचे आल्डिहाइड फाटा असलेल्याच्या ५० पट मिळाले, तरी १-ऑक्टीनचा (आठ कार्बनी, टोकाला दुहेरी बंध असलेल्या अल्कीनचा) काही भाग, दुहेरी बंध आत सरकून, २-ऑक्टीन होऊन गेलेला असू शकतो. तो या आकड्यात दिसतच नाही.

दुसरे उत्तर : ‘बाइट अँगल’ला ‘दंशकोन’ छान आहे : एकाच लिगँडचे दोन फॉस्फरस धातूला धरतात तेव्हाचा फॉस्फरस–धातू–फॉस्फरस हा कोन. ‘नैसर्गिक दंशकोन’ मात्र जपून वापरा. केसी आणि व्हाइटकर यांनी १९९० मध्ये मांडलेली ही संकल्पना स्फटिकात मोजलेल्या कोनाची नाही. धातूची पसंती बाजूला ठेवून लिगँडच्या सांगाड्याला कोणता कोन मानवतो, त्याचे ते गणित आहे. झॅन्टफॉस या दोन फॉस्फरसांच्या लिगँडसाठी तो सुमारे १११°, म्हणून दोन्ही फॉस्फरस ऱ्होडियमच्या मधल्या पातळीत १२०° च्या जवळ बसू शकतात. ८०° से. आणि १० बार दाबाला १-ऑक्टीनवर सरळ आणि फाटा असलेल्या आल्डिहाइडांचे गुणोत्तर ५० च्या आसपास जाते. ८५° च्या डीपीपीईला (तोही दोन फॉस्फरसांचा लिगँड) ते जमत नाही.

तिसरे उत्तर : टिपणात ‘ऑक्टीनपुढे स्थिर’ हेही येऊ द्या, कारण घोळ बहुधा तिथेच होतो. हिशेब पाहा. १० मिलिमोल ऑक्टीन (१.१२ ग्रॅम), ०.०१ मिलिमोल ऱ्होडियम, ०.०५ मिलिमोल झॅन्टफॉस (२९ मिग्रॅ) म्हणजे ०.१ मिलिमोल फॉस्फरस. जुन्या बाटलीतल्या ऑक्टीनमध्ये १ मोल टक्का पेरॉक्साइड असले, तर सगळ्या फॉस्फरसचे ऑक्साइड करून तो खाऊन टाकायला तेवढे पुरते. फॉस्फरसचा लिगँड नसलेले, नुसता कार्बन मोनॉक्साइड जोडलेले ऱ्होडियम (ऱ्होडियम कार्बोनिल) उरते; ते क्रिया जोरात चालवते, गुणोत्तर मात्र कोसळते, आणि दोष दंशकोनाला दिला जातो. ऑक्टीन वापरण्याच्या आधी उदासीन अल्युमिनाच्या थरातून गाळावे, मग त्यातली हवा काढावी.