वनस्पतिशास्त्रानंतर पुरातत्त्व: डेक्कन कॉलेजमध्ये कोणकोणते संशोधन चालते?

नदीकाठ:
नमस्कार. माझी भाची यंदा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली असून तिला पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकायचे आहे. तीन वर्षे झाडापानांचा अभ्यास करून आता खापरांच्या मागे जाणे म्हणजे शिकलेले वाया घालवणे, असे घरच्यांना वाटते. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. त्या संस्थेत नेमके काय संशोधन होते आणि त्यात तिच्या विषयाला जागा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खापरखूण:
जागा आहे, आणि ती कोपऱ्यातली नाही. इनामगावचेच उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन (म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे सोबतच वापरली जात त्या काळातील) वसाहतीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली झाले आणि १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक काय खात होते, हे मात्र नुसत्या खापरांवरून कळत नाही. त्यासाठी चुलीभोवतीची राखमिश्रित माती पाण्यात कालवतात, तेव्हा जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात आणि ते बारीक चाळणीवर गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावे लागतात. जव कोणता, गहू कोणता, मसूर कोणती, हे सांगणारा माणूस वनस्पतिशास्त्र जाणणाराच लागतो. जव हे तिथले मुख्य पीक होते, हे अशाच कामातून समजले.

हाडांचे कामही तितकेच मोलाचे आहे. मृत बालकांना दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरत असत. त्यांच्या दातांवरून आणि हाडांवरून पोषण कसे होते याचा अंदाज बांधता येतो. वसाहतीच्या शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटून शेती खालावल्याने ही स्थिती ओढवली, असे मत ढवळीकरांनी मांडले. दाणे, हाडे आणि घरांचे नकाशे एकत्र ठेवल्यावाचून असे मत मांडताच येत नाही.

शब्दवेल्हाळ:
वरील उत्तरात भर घालतो, कारण डेक्कन कॉलेज म्हणजे केवळ उत्खनन नव्हे. १९४८ मध्ये भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी तिथे ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे (शब्दाचे अर्थ काळानुसार कसे बदलत गेले हे दाखवणाऱ्या शब्दकोशाचे) काम सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांमधून शब्द टिपून लाखो चिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि इतक्या वर्षांनंतरही छपाई 'अ' या अक्षराच्या पुढे सरकलेली नाही. याला दिरंगाई म्हणणाऱ्यांनी एकदा त्या चिठ्ठ्यांचे कपाट उघडून पाहावे. त्या ग्रंथांत वैद्यकाचेही ग्रंथ आहेत आणि एकच नाव वेगवेगळ्या वनस्पतींना दिलेले आढळते, तेव्हा तिथेही आपल्या भाचीसारख्या अभ्यासकाचा उपयोग आहे. शिवाय भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे, ज्यात गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले गेले.

पायवाट:
विविधतेबद्दल दुमत नाही, पण व्यवहाराची बाजूही सांगायला हवी. या क्षेत्रात कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि उत्खननाच्या हंगामात अनेक आठवडे तंबूत राहावे लागते. नेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता) परीक्षेला पुरातत्त्व हा विषय आहे, पुढे पीएच.डी. करायची असेल तर त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची (जेआरएफ) तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करावी. प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांवर मार्गदर्शन करणारे प्राध्यापक सध्या कोण आहेत, याची चौकशी तिने प्रवेशाआधीच करावी. नुसत्या संस्थेच्या नावावर जाऊ नये.

खापरखूण:
पायवाट यांचे म्हणणे रास्त आहे. तोवर तिने घरीच एक काम सुरू करावे: परिसरातील धान्यांचे आणि तणांचे दाणे गोळा करून, त्यांतील काही मंद आचेवर काळे होईपर्यंत भाजून, मूळ दाण्यांशेजारी ठेवावेत. जळल्यावर दाणा फुगतो, साल जाते आणि ओळख अवघड होते, म्हणून असा संग्रह प्रयोगशाळेतही लागतोच.

नदीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व तिला वाचून दाखवले. तिने आजीकडून हुलगे, जवस, राळा आणि दोन जातींची ज्वारी मागून घेतली आहे. दाणे लोखंडी तव्यावर भाजावेत की मातीच्या भांड्यात राखेत पुरून, असे तिने विचारले आहे.