शब्दचर्चा: दुसऱ्या नावाने सैन्यात गेलेल्या पूर्वजाला काय म्हणावं?

विचारणा:
माझी भाची अमेरिकेत असते. इकडे तिच्या आईवडिलांना वाचता यावी म्हणून सासरच्या घराण्याची हकिकत ती मराठीत लिहिते आहे. त्या घरातले एक खापरपणजोबा तिथल्या यादवी युद्धात (१८६१–६५) भलतंच नाव सांगून भरती झाले. पेन्शनच्या कार्डावर एक नाव, पुढे ‘एलियस’, मग दुसरं. तिने लिहिलं, ‘तोतया सैनिक’. वाचून मला कसंसंच झालं. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १:
तोतया मुळीच नको. तोतया होऊन गेलेल्या माणसाच्या जागेवर हक्क सांगतो. पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत जो उभा राहिला आणि १७७६ मध्ये मारला गेला, तो तोतया. त्याला भाऊंचा मान हवा होता, त्यांचं घर हवं होतं. वय कमी म्हणून, घरच्यांनी शोधून परत नेऊ नये म्हणून किंवा आधीच्या पलटणीतून पळाला म्हणून जो नाव बदलतो, त्याने कोणाचं काय बळकावलं? ‘बनावट नाव’ही नको, त्याला पंचनाम्याचा वास येतो. टोपणनाव कवींचं.

कार्डासाठी ‘ऊर्फ’ चोख आहे. शब्द मूळ अरबी. ‘लोकांत ज्या नावाने ओळख आहे ते’ असा त्याचा रोख. दोन्ही नावं शेजारी बसतात आणि खरं कुठलं याचा निवाडा होत नाही.

प्रतिसाद २:
ऊर्फ कार्डापुरता ठीक, पण हकिकत सांगताना नामापेक्षा क्रियापद हाताशी घ्या. आपल्याकडे माणूस नाव ‘लावतो’: वडिलांचं लावतो, गावाचं लावतो, दत्तक गेला की नव्या घराचं लावतो. ‘दुसरंच नाव लावून पलटणीत गेले’ म्हटलं की गोष्ट कळते आणि माणसावर डाग येत नाही.

‘खोटं’ हा शब्दही जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं. आयर्लंडमध्ये जन्मलेली जेनी हॉजर्स १८६२ मध्ये अल्बर्ट कॅशियर या नावाने इलिनॉयच्या ९५व्या पायदळ पलटणीत दाखल झाली. युद्ध संपलं तरी कॅशियरने ते नाव आणि पुरुषाचं जगणं सोडलं नाही. म्हातारपणी गुपित फुटलं, पेन्शनची चौकशी लागली, तेव्हा जुन्या सोबत्यांनी साक्ष दिली की आमच्याबरोबर लढला तो हाच. पेन्शन चालू राहिलं. १९१५ मध्ये लष्करी गणवेशातच दफन झालं आणि दगडावर कोरलं गेलं: अल्बर्ट डी. जे. कॅशियर, ‘जी’ कंपनी, ९५ इलिनॉय पायदळ. पन्नासहून अधिक वर्षं अंगावर वागवलेलं नाव खोटं कसं म्हणायचं?

विचारणाकर्ती:
दोघांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. नवऱ्यामागे पेन्शन मिळावं म्हणून दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करायची वेळ त्या काळी कित्येक विधवांवर आली, असं ती सांगत होती. तिचं वाक्य आता असं झालंय: ‘आईबापांनी ठेवलेलं नाव घरी ठेवून, दुसरं लावून ते पलटणीत गेले.’ ‘घरी ठेवून’ हे तिचं तिलाच सुचलं. कार्डाच्या उताऱ्यात ऊर्फ.