नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

वर्तन कसं घडतं या आपल्या चर्चेत एकांनी नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षाच, असं लिहिलंय. घोळ तिथंच होतो. प्रबलन कुठलंही असो, त्यानं वागणं वाढतं, शिक्षेनं घटतं. छत्री उघडली की भिजणं थांबतं, म्हणून पुढच्या पावसातही आपण ती उघडतो. नकोशी गोष्ट टळते म्हणून वागणं वाढतं, हे नकारात्मक प्रबलन. खानापूरच्या पावसात राहणाऱ्यांना जास्त काय सांगायचं!

मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतल्या उंदरांपेक्षा मला बेळगावात आमच्या वडगावच्या घरातला बोका जास्त शिकवून गेला. (थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १८९८ च्या प्रयोगांत मांजरंच पेटीत कोंडली होती, तेव्हा दाखला अगदीच अस्थानी नाही.) जेवताना ताटाशी येऊन ओरडायचा. आई दटावायची, आणि आप्पा चार-पाच दिवसांतून एकदा हळूच बांगड्याचा तुकडा सरकवायचे. कधी मिळेल याचा नेम नाही, म्हणून सवय चिवट. पूर्ण बंद केलं तेव्हा तो दुप्पट ओरडायला लागला, आणि नेमकी तेव्हाच आप्पांना दया आली. म्हणजे जोरात ओरडण्याला बक्षीस!

पाढ्यांसाठी लेकीला बक्षीस म्हणून कुंदा (आपली बेळगावची मिठाई) द्यावा का, असं इथं एका ताईंनी विचारलंय. सुरुवातीला दर पाढ्याला द्या, मग अधूनमधून. पण ती आपणहून चित्रं काढत असेल, तर त्याला बक्षीस कबूल करू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात अशी मुलं नंतर कमी चित्रं काढू लागली होती.