मिसळीच्या वहीवरून साथीचं मॉडेल: लोकांची भीती बीटात कशी घालायची?

कटवाला_मंगळवारपेठ

एमएस्सी गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला साथीचं मॉडेल घेतलं आणि पार अडकलोय. साधं एसआयआर सोडवलं, म्हणजे लागण होण्याजोगे, आजारी आणि बरे झालेले असे लोकांचे तीन गट धरणारं मॉडेल. प्रसाराचा दर बीटा दिवसाला ०.३, बरं होण्याचा दर गॅमा ०.१, म्हणजे आर-नॉट (सुरुवातीला एका आजाऱ्यापासून किती जणांना लागण होते तो आकडा) ३. आलेख टेंबलाईच्या टेकडीसारखा एकदाच चढतो नि उतरतो, आणि शेवटाला ९४ टक्के गाव आजारी पडून मोकळं. २०२१ ला कोरोनात आपल्याकडं असं कुठं झालं? बाकी राज्यात लाट ओसरत आली तरी कोल्हापूर जून-जुलैपर्यंत रेंगाळलंच की.

आमचं छोटं मिसळीचं हॉटेल आहे. अण्णा रोज रात्री वहीत दोन रकाने लिहितात, 'बसून' आणि 'पार्सल'. त्या मार्चची पानं काढली. बसून खायला बंदी ५ एप्रिलला आली, पण 'बसून'चा आकडा त्याआधी दोन आठवडे घसरतोय. एका पानावर समासात लिहिलंय, 'कट उरला'. आमच्यात कट उरणं म्हणजे बातमीच! सरकारनं सांगायच्या आधीच लोक घाबरले होते. ही भीती समीकरणात कशी घालू? वहीचा आकडा थेट बीटा म्हणून चालंल का?

रंकाळ्यावरचा_सांख्यिक

थेट नको. बीटा कायम धरलास तिथंच घोळ आहे. मूळ बीटाला (१ + के × गेल्या पंधरवड्यातले मृत्यू) यानं भाग. के म्हणजे लोकांचा घाबरटपणा. मृत्यू वाढले की बीटा आपोआप खाली येतो.

पण मजा उशिरात आहे. आज जो मृत्यू पेपरात वाचतोस, त्याची लागण साधारण दोन-तीन आठवड्यांपूर्वीची. लोक जुन्या साथीला घाबरतात आणि जुन्याच दिलाशावर बाहेर पडतात. भीती ताबडतोब लागू केलीस तर आलेखाला पठार येतं, उशिरानं केलीस तर लाटा. करून बघ.

वहीचा ५ एप्रिलपर्यंतचाच तुकडा घे. त्यानंतर 'बसून' शून्य झालं ते हुकमानं, त्यात लोकांचं मन दिसत नाही. आणि टेबलावरची गर्दी घटली तरी घरातली घटत नाही, उलट वाढते. घराचा बीटा वेगळा ठेव.

एक सावधगिरी. एसआयआरचा मूळ पेपर कर्मॅक-मॅकेंड्रिकचा, १९२७ चा. त्यात त्यांनी आपल्या मुंबईच्या प्लेगचे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे आठवड्याचे मृत्यू घेतले आणि वक्र असा बसवला की बघत राहावं. त्याचं शिखर सतराव्या आठवड्याला, ८९० वर. दर मात्र सगळे कायम धरलेले. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरणारा आणि ऋतूबरोबर चढ-उतरणारा. म्हणजे वक्र बसला म्हणून कारण बरोबर ठरत नाही. तुझाही आलेख भीतीनं उतरला, की लागण होण्याजोगे लोकच संपत आले म्हणून उतरला, हे नुसत्या वक्रावरून कळणार नाही. म्हणून तर तुझी वही मोलाची, ती वक्राच्या बाहेरची साक्ष आहे.

निवृत्त_सिस्टर

मला समीकरणातलं कळत नाही बाळ, पण तू रुग्णांचा आकडा कुठून घेणार ते सांग. मी तेव्हा घरोघर फिरले आहे. ताप विचारला की दारातून उत्तर यायचं, "थंडी लागलीया नुसती." का, तर पॉझिटिव्ह निघालं की गल्लीला पत्रे ठोकतील, मग दुधाची गिऱ्हाईकं तुटतील. एका घरात तर तीन दिवस क्रोसिन चहासोबत चालली होती, म्हातारीला धाप लागल्यावर बोलावणं आलं. म्हणजे घाबरल्यावर लोक घरात बसतात तसे तपासणीलाही येत नाहीत. तुझा आकडा खाली आला तर साथ उतरली की दार लागलं, हे कसं ओळखणार?

तालमीतला_बाळ्या

आमच्या वस्तादांनी आखाडा बंद ठेवलेला, पोरं रात्री दहाला मागल्या दारानं आत. ह्याचा बीटा किती घालणार भावा?

कटवाला_मंगळवारपेठ

बाळ्या, तुझ्यासाठी वेगळा गट करतो, नाद खुळा. सिस्टर, तुमचं वाचल्यावर रुग्णसंख्या बाजूला ठेवून मृत्यूंवरच मॉडेल बसवायचं ठरवलंय. तेही पूर्ण नोंदले जात नाहीत म्हणा, पण दार लावून लपवणं जरा अवघड.

काल रात्री अठरा दिवसांचा उशीर घालून चालवलं. दोन टेकाडं आली! अण्णांना उठवून दाखवली. चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "कट उरला ते गिऱ्हाईक घटल्यामुळं नव्हं. गिऱ्हाईक आठवडाभर घटतच होतं, मी मटकी जुन्या मापानं भिजवत राहिलो म्हणून उरला." वहीच्या शेवटी मटकीचा हिशेब वेगळा आहे, रोज किती किलो भिजवली त्याचा. आता तो उतरवून घेतोय.