वितरित कन्स्ट्रेंट प्रॉब्लेम: असिंक्रोनस बॅकट्रॅकिंग फार रेंगाळतंय, सल्ला हवा

फोंड्याचा_कोडर: नमस्कार मंडळी, प्रोजेक्टचा विषय जत्रेतली नाटकं. जत्रेचा दिवस तिथीवर ठरतो, तो हलत नाही, पण रंगीत तालीम कुठल्या रात्री ते मंडळ ठरवतं आणि पेटीवाला, लाइटवाला दोन-तीन गावांना मिळून एकच. सगळ्यांच्या अडचणी (म्हणजे कन्स्ट्रेंट, पाळाव्याच लागणाऱ्या अटी) एका जागी आणल्या तर साधा सॉल्व्हर, म्हणजे अटींतून उत्तर शोधणारा प्रोग्राम, पुरे, पण आपला कुठला नट कधी नाही हे कुठलंच मंडळ दुसऱ्याला सांगणार नाही, म्हणून प्रत्येक मंडळ एक एजंट, म्हणजे आपलं आपण ठरवणारा नि दुसऱ्यांशी फक्त मेसेजने बोलणारा प्रोग्राम. योको आणि मंडळींचं १९९२ चं असिंक्रोनस बॅकट्रॅकिंग (कुणी कुणासाठी न थांबता आपापली रात्र धरायची, जमलं नाही की मागे येऊन दुसरी बघायची) लिहिलंय, उत्तर बरोबर येतं पण गावं वाढली की मेसेज आवरत नाहीत. काय बदलू?

मडगावची_मावशी: प्रायॉरिटी, म्हणजे कुठला एजंट वर नि कुठला खाली, कशी लावलीस रे, नावाच्या अक्षरांवर? मग तिथेच अडतंय. वरच्याने चुकीची रात्र धरली की खालच्या सगळ्यांनी सगळं करून बघेपर्यंत तो हलत नाही. ज्याच्या हातात रात्री कमी नि पेटीवाल्यासाठी भांडणं जास्त त्याला वर घाल, एवढ्यानेच बराच फरक दिसायला हवा. पुढची पायरी म्हणजे चालता चालता क्रम बदलणं, झिवान आणि मायझेल्स यांचं २००६ चं काम बघ, नोगुड (‘या रात्री एकत्र जमत नाहीत’ असा निरोप) पाठवणाऱ्याला तो ज्याला पाठवला त्याच्या लगेच खाली आणायचं.

साखळीकर: डिस्ट्रिब्युटेड ब्रेकआउट वापरून बघ की, अडकलं की त्या कन्स्ट्रेंटचं वजन वाढवायचं, लिहायला सोपं.

मडगावची_मावशी: सोपं आहे, पण उत्तरच नसेल तर ते तसं कधी सांगणार नाही, फिरतच राहील. एकच पेटीवाला असताना जमणारच नाही हे मंडळांना वेळेत कळायला नको का? मी तरी पूर्ण अल्गोरिदम, म्हणजे उत्तर असेल तर शोधणारा नि नसेल तर तसं सांगणारा, सोडणार नाही. वीक-कमिटमेंट सर्च (अडलेल्या एजंटलाच वर आणणारी पद्धत) बहुतेक वेळा झपाट्याने चालतो पण पूर्ण राहायला सगळे नोगुड साठवावे लागतात आणि ते घातांकी वाढू शकतात. तू बॅकट्रॅकिंगमध्ये काढून टाकलेल्या प्रत्येक रात्रीमागे एकच नोगुड ठेव, सध्याच्या एजंट-व्ह्यूशी (वरच्यांनी कुठल्या रात्री धरल्यात याची एजंटकडची यादी) जुळत नसेल तो टाकून दे. आणि नोगुड बनवताना अख्खा व्ह्यू उचलून पाठवू नकोस, ज्यांच्यामुळे खरंच अडलं तेवढेच घाल, मेसेज तिथेच सगळ्यात कमी होतील.

फोंड्याचा_कोडर: माझ्यात अख्खा व्ह्यूच जातोय! आज रात्री हेच बदलतो. मोजायचं कसं? सगळे एजंट एकाच लॅपटॉपवर आहेत.

मडगावची_मावशी: सेकंद नको मोजू, त्यात लॅपटॉपच मोजला जातो. प्रत्येक एजंटचा तपासण्यांचा (अट जुळते का हे किती वेळा बघितलं त्याचा) काउंटर ठेव, मेसेजबरोबर पाठव, घेणाऱ्याने आपला आणि आलेला यातला मोठा धरायचा, शेवटचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एकामागून एक कराव्याच लागलेल्या तपासण्या. मेसेज वेगळे मोज.

म्हार्दोळची_जाई: अजून एक, नोगुडमधूनसुद्धा माहिती फुटते हां. तुमची अमुक रात्र चालत नाही असा निरोप आला की त्या मंडळाचं काहीतरी आहे हे समोरच्याला कळतंच. छोटा नोगुड कमी नावं घेतो हे बरं, पण ज्याचं नाव घेतो त्याला नेमकं बोट दाखवतो, ते रिपोर्टमध्ये लिही.

फोंड्याचा_कोडर: देव बरें करूं सगळ्यांचं. क्रम आणि नोगुड एकेक करून बदलतो, आकडे इथेच टाकतो.